आधी तपासणी, मग साक्षगंध

वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात:

"माझे वय 46. यवतमाळ जिल्ह्यात आमचे सात एकर कोरडवाहू वावर आहे. घरी सासूबाई, आमचे हे, बी.एस्सी. झालेली मुलगी आणि दहावीतला मुलगा. बचत गटाचे हिशेब माझ्याकडे असल्यामुळे अधूनमधून गाडीवर तालुक्याला जावे लागते. त्यासाठी पंजाबी ड्रेस शिवला, तर सासूबाई म्हणाल्या, 'आपल्या घरच्या सुना असं नाई घालत.' कितीतरी वर्षे केसांना काळी मेहंदी लावत होते. मागच्या वेळी डोके खाजून पापण्या सुजल्या, तेव्हापासून बंद केली. आता केस अर्धे पांढरे, अर्धे काळे दिसतात. दिवाळीनंतर मुलीला पाहायला पाहुणे येणार आहेत, जमले तर लगेच साक्षगंध (साखरपुडा). मुलगी म्हणते, 'आई, त्या एका दिवसापुरते तरी केस काळे कर.' गावच्या वाचनालयातून पुस्तके आणू लागले आहे. नुकतीच उद्धव शेळके यांची 'धग' ही कादंबरी वाचली. तिच्यातल्या कौतिकने इतके सोसले, मग आपण कशाला कुरकुर करायची असे वाटले. रात्री उशिरापर्यंत वाचते म्हणून हे चिडतात, 'झोप ना वं आता, लाइट बंद कर' म्हणतात. बाकी तब्येत ठीक आहे. फक्त पाळी दहा-दहा दिवस चालते. शिबिरात रक्त 8.1 निघाले आणि तालुक्याच्या एका दवाखान्यात पिशवी काढून टाका म्हणून सांगितले आहे. मुलीचे लग्न उरकले की काढून टाकीन. घरी अजून कोणाला सांगितलेले नाही. माझे काय चुकते?"

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या मूळ पत्रात केसांनी दीड पान व्यापले आहे, ड्रेस आणि सासूबाईंचे बोलणे यांनी एक पान, पुस्तके व यजमानांचे चिडणे यांनी जवळजवळ तेवढेच, आणि प्रकृतीच्या वाट्याला शेवटच्या चार ओळी आल्या आहेत. मी उत्तर उलट्या क्रमाने देणार आहे, कारण पहिले तीन प्रश्न घरातल्या घरात बोलून, प्रसंगी थोडे रुसून-फुगून सुटण्यासारखे आहेत. चौथ्याला मुलीच्या लग्नापर्यंत थांबवून ठेवणे मात्र मला मुळीच पटत नाही. तुमचे काय चुकते असे विचारले आहे, तर माझ्या मते एवढेच चुकते.

प्रौढ स्त्रीच्या रक्तातील हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या खाली गेले की त्याला रक्तक्षय म्हणतात आणि 8 च्या खाली गेले की तो तीव्र समजला जातो. तुम्ही त्या रेषेच्या अगदी काठावर उभ्या आहात आणि दहा दिवसांची आणखी एखादी पाळी तुम्हाला पलीकडे ढकलू शकते. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले होते. निम्म्याहून अधिक बायका अशाच वावरत असल्यामुळे गावात याला कोणी आजार म्हणतच नाही, 'अंगात रक्त कमी आहे' एवढे बोलून विषय संपतो. नळावरून हंडा आणताना धाप लागते का, जिना चढल्यावर छातीत धडधडते का, संध्याकाळी पायांना गोळे येतात का, कच्चे तांदूळ किंवा माती तोंडात टाकावीशी वाटते का, हे तुम्ही लिहिलेले नाही, पण स्वतःशी तपासून पाहा. आरशासमोर उजेडात उभे राहून डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढा. आतला भाग लालसर दिसण्याऐवजी फिकट, पांढुरका दिसला तर शिबिरातला आकडा खोटा नाही असे समजा.

तुम्ही बचत गटाच्या वह्या सांभाळता, म्हणून त्याच भाषेत सांगते. ज्या खात्यातून दर महिन्याला जमेपेक्षा जास्त रक्कम बाहेर जाते, तिथे नुसती जमा वाढवून भागत नाही, गळती कुठे आहे ते आधी शोधावे लागते. खजूर, गूळ, बीट खा असा सल्ला तुम्हाला गावात दहा जणींनी दिला असेल. तो देणाऱ्यांचे मन चांगलेच आहे, परंतु सात दिवसांपेक्षा अधिक चालणारा, गाठी पडणारा किंवा दर तासा-दोन तासांनी कापड बदलायला लावणारा रक्तस्राव बीट खाऊन थांबत नाही. 'या वयात असे होतेच, पाळी जायची वेळ आली' हे वाक्यही तितकेच फसवे आहे. चाळिशीच्या उत्तरार्धात पाळी मागेपुढे होते हे खरे, पण ती जाण्याआधी महिनोन्महिने दहा दिवस वाहत राहणे तपासल्याशिवाय सोडून देण्यासारखे नसते.

आता ऑपरेशनविषयी. गर्भाशय काढूच नये असे माझे म्हणणे नाही. गाठी फार मोठ्या असतील, अस्तरात कर्करोगाची किंवा त्याच्या पूर्वावस्थेची लक्षणे असतील, इतर उपाय करूनही रक्तस्राव आवरत नसेल, तर ते करावे लागते आणि अनेक स्त्रियांना त्यानंतर आराम पडतो. माझा आक्षेप 'तुमचे आता मूलबाळ झाले, पिशवीचे काय काम' या तर्काला आहे. अशा तर्काने किती गर्भाशये विनाकारण काढली गेली, हे बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या बाबतीत उघड झाले आणि 2019 मध्ये राज्य सरकारला त्यासाठी चौकशी समिती नेमावी लागली. पुढे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी स्वीकारावीत असे सांगितले. पिशवीबरोबर अंडाशयेही काढली, तर पाळी एका दिवसात जाते. अंगातून वाफा येतात, झोप उडते, आणि हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. निंदण-वेचणीत कंबर मोडणाऱ्या बाईला हाडांचा तोटा परवडणारा नाही. म्हणून दोन्ही टोके टाळा. लग्नापर्यंत दुर्लक्ष करू नका आणि लग्न झाल्याबरोबर डोळे मिटून टेबलावरही चढू नका.

मधली वाट आहे, आणि ती महाग नाही. तुम्ही यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाऊ शकता, किंवा वर्धा मार्गावर कोणी नातेवाईक असल्यास सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात. कुठेही जा, पण स्त्रीरोगतज्ज्ञाचे दुसरे मत घ्या. तिथे रक्ताची पूर्ण तपासणी होईल, कारण शिबिरात बोट टोचून काढलेल्या आकड्यात थोडी चूक असू शकते. थायरॉइडची तपासणी होईल, कारण त्यातील बिघाडानेही पाळी वाहते. सोनोग्राफीत गाठी आहेत का ते कळेल. वय 45 च्या पुढे असल्यामुळे गर्भाशयाच्या अस्तराचा लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवणे आवश्यक आहे का, हे तुम्ही स्वतःहून विचारा. कोणी ही तपासणी न करताच थेट पिशवी काढायला सांगत असेल, तर तिथून नम्रपणे उठून या. पूर्वी कधी तांबी (कॉपर-टी) बसवलेली असेल आणि ती अजून आत असेल, तर तेही सांगा, कारण तिच्यामुळे पाळी जास्त जाते. कारण कळल्यावर रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या असतात, हार्मोनच्या गोळ्या असतात, तांबीसारखेच बसवायचे पण हार्मोन सोडणारे एक साधनही असते, ज्याने अनेकींचे ऑपरेशन टळते. यांपैकी तुम्हाला काय लागू पडेल, ते डॉक्टरच ठरवू शकतील. मात्र हे सगळे पर्याय अस्तित्वात आहेत, एवढे ठाऊक असल्यावर विचारणे सोपे जाते. आणि समजा शेवटी ऑपरेशनच करायचे ठरले, तरी 8.1 रक्तावर कोणीही शहाणा शल्यचिकित्सक ते घाईने करणार नाही, आधी रक्त वाढवायला सांगेल. म्हणजे लोहाच्या गोळ्या दोन्ही परिस्थितींत लागणारच आहेत.

त्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, आशाताईंकडेही असतात. बहुतेक घरांत त्या फळीवरच्या डब्यात पडून राहतात, कारण पहिल्या आठवड्यात मळमळते, पोट जड होते आणि शौचाला काळे होते. काळे होणे हे अपेक्षितच असते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मळमळ होत असेल तर रिकाम्या पोटाऐवजी जेवणानंतर घ्या, पण बंद करू नका. खरा शत्रू चहा आहे. आपल्याकडे जेवण आटोपले की लगेच कपभर चहा होतो, आणि त्या चहातील द्रव्ये पोटात लोह शोषू देत नाहीत. गोळीच्या आणि जेवणाच्या आगेमागे निदान तासभर चहा नको, दूध नको, कॅल्शियमची गोळीही नको. उलट लिंबू, आवळा, पेरू यांनी लोह अंगी लागायला मदत होते. तुमच्या घरी माळकरी रीत असल्यामुळे मी कलेजी-अंड्याचा आग्रह धरत नाही. पण तुरीच्या वरणावर लिंबू पिळणे, अंबाडीची किंवा हरभऱ्याची भाजी लोखंडी कढईत करणे, जवसाच्या व तिळाच्या चटणीला रोज ताटात जागा देणे आणि थंडीत अळीव घालून लाडू वळणे यात धर्माची अडचण नाही. ते लाडू मुलाच्या डब्यात जाऊन संपतात, हेही मला माहीत आहे. म्हणून तुमचे वेगळ्या डब्यात ठेवा. आणि जेवायला सर्वांबरोबर बसा. सगळ्यांचे झाल्यावर पातेल्याच्या तळाशी जे उरते, त्यात वरणाचे पाणी असते, डाळ नसते. औषध लागू पडत असेल तर महिन्याभरात रक्त साधारण एक ग्रॅमने वाढते. तेवढे वाढले नाही, तर पुन्हा डॉक्टरांकडे जायचे. आकडा 12 वर आल्यावरही काही महिने गोळ्या चालू ठेवायच्या असतात, कारण अंगातला साठा भरायला वेळ लागतो.

रक्ताच्या याच नमुन्यात आणखी एक तपासणी करून घ्या, आणि ती तुमच्यापुरती नाही. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आपल्या विदर्भात, विशेषतः पूर्वेकडील जिल्ह्यांत आणि मेळघाटात, अनेक समाजांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. त्याच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारने 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय मोहीम सुरू केली. सिकलसेलचा वाहक असलेला माणूस धडधाकट असतो, शेतात राबतो, त्याला आयुष्यभर पत्ताही लागत नाही. अडचण येते ती दोन वाहकांचे लग्न झाले तर, कारण मग प्रत्येक गरोदरपणात बाळाला प्रत्यक्ष आजार होण्याची शक्यता चारात एक असते. तुमच्या मुलीला पाहायला पाहुणे येणार आहेत, पत्रिका जुळवल्या जातील, मामा-मावशीपर्यंतची कुळे विचारली जातील. त्या यादीत ही एक तपासणी जोडायला काय हरकत आहे? मात्र ती दोन्हीकडची झाली पाहिजे, मुलाचीही. एकट्या मुलीची तपासणी करून तिच्या माथी शिक्का मारायचा असेल, तर न केलेली बरी. मुलगी विज्ञान शिकलेली आहे, तिला आनुवंशिकता समजावून सांगावी लागणार नाही. हा विषय बैठकीत कोणी काढायचा, एवढेच तुम्हा दोघींना ठरवावे लागेल.

घरी सांगितलेले नाही, याचे कारण तुम्ही लिहिले नसले तरी दिसते आहे. साक्षगंधाचा खर्च, सोयाबीनचा भाव, आणि त्यात आपले दुखणे कशाला काढायचे, हा विचार. पण यजमानांना अंधारात ठेवून तुम्ही त्यांची काळजी वाचवत नाही, ती पुढे ढकलता, आणि पुढे ढकललेली काळजी नेमकी मांडव घातल्यावर समोर येते. नवरी मुलीची आई हळदीच्या दिवशी चक्कर येऊन पडली तर धावपळ सगळ्या घराची होईल. म्हणून सांगा, आणि सांगताना 'मला जरा बरे वाटत नाही' अशी सुरुवात करू नका. त्यावर 'आराम कर' असे उत्तर येते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्हीच सडा टाकत असता. शिबिरातला कागद पुढे ठेवा आणि म्हणा, "रक्त 8.1 आहे, 12 पाहिजे. सोमवारी यवतमाळला जायचे आहे, तुम्ही सोबत या." आकडा, वार आणि काम, तिन्ही एका वाक्यात. शेतकरी माणूस कापसाचा भाव, युरियाच्या गोण्या, विहिरीचे पाणी यांचे आकडे दिवसभर डोक्यात वागवतो, त्यामुळे आकडा त्याला लगेच कळतो. वेचणीला जोर आला की तुम्ही स्वतःच जाणार नाही म्हणाल, म्हणून ती सुरू होण्याआधीच हे करा. आणि खर्चाची कुरकुर झालीच, तर रोजच्या खर्ऱ्यावर (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणावर) महिन्याकाठी घरातून किती जातात, हा हिशेब बचत गटाच्या सचिवांना अवघड नसावा. (तुमचे यजमान खर्रा खात नसतील तर त्यांची मी क्षमा मागते, तसे असल्यास गावात ते अल्पसंख्याक आहेत.)

केसांच्या बाबतीत मुलीला स्पष्ट नाही म्हणा, एका दिवसापुरतेही नाही. तुमच्या डोक्याची खाज आणि पापण्यांची सूज ही साधी नाजूक त्वचेची तक्रार नव्हती. काळी मेहंदी म्हणून पुडीत जे मिळते, त्यात बहुधा पॅरा-फेनिलीनडायअमीन नावाचे रसायन असते आणि काळा रंग त्याचाच असतो. मेहंदीच्या पानाचा स्वतःचा रंग केशरी-तांबडा असतो, ते पान कधीच काळे करत नाही. या रसायनाची ॲलर्जी एकदा अंगात भिनली की सहसा जात नाही, आणि पुढची प्रतिक्रिया आधीपेक्षा जोरदार येऊ शकते. चेहरा सुजून डोळे मिटलेल्या अवस्थेत पाहुण्यांसमोर चहा घेऊन येण्यापेक्षा पांढरे केस खचितच बरे. दुसऱ्या कंपनीची पुडी आणून पाहू असेही करू नका, कारण बाहेरचे नाव बदलले तरी आतले रसायन बहुधा तेच असते. शुद्ध मेहंदीचा पाला स्वतः वाटून लावायचा असेल तर आधी कानामागे थोडा लावून 48 तास वाट पाहा. परंतु खरे सांगायचे तर पांढऱ्यावर केशरी रंग चढवून फार काही साधत नाही.

तुमचा खरा त्रास पांढऱ्या केसांचा नसून त्यातल्या पट्ट्याचा आहे, असे मला पत्र वाचून वाटले. मुळाशी पांढरे आणि खाली विटकरी-काळे, अशी जी रेघ दिसते, तिने चेहरा ओढल्यासारखा दिसतो. त्यावर सोपा उपाय कात्री आहे. वेणी कमरेपर्यंत असेल तर ती पाठीच्या मध्यापर्यंत आणा, म्हणजे रंगलेला बराचसा भाग निघून जाईल. उरलेल्याचा घट्ट, स्वच्छ अंबाडा बांधा, कपाळावर नेहमीचे कुंकू लावा आणि त्या दिवशी गडद रंगाची, काठ ठळक असलेली सुती साडी नेसा. पांढऱ्या केसांना फिके गुलाबी, मोतिया रंग मारतात, जांभळा, हिरवा, वांगी रंग खुलून दिसतात. अंबाड्यात शेवंतीची वेणी माळलीत तर मुलीला तक्रारीला जागा राहणार नाही. तिची बाजू मात्र समजून घ्या. तिला तुमची लाज वाटत नाही, आपल्या आईकडे पाहून कोणी काही बोलेल याची तिला भीती वाटते, आणि या दोन गोष्टींत पुष्कळ अंतर आहे. पापण्या सुजल्या होत्या हे तिने पाहिले होते का? नसेल तर आधी ते सांगा. नंतर ती स्वतःच तुमच्या अंबाड्याला काटे लावून देईल.

ड्रेसबद्दल फार लिहित नाही, कारण त्यात फार काही नाही. वेचणीला जाताना लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुल शर्ट चढवायची पद्धत आपल्याकडे सासूबाईंच्या पिढीपासून आहे. बोंडांनी हात ओरबाडू नयेत म्हणून तो घालतात आणि त्याला कोणी कधी नावे ठेवली नाहीत. हडंब्याजवळ (मळणी यंत्राजवळ) पदर खोचून, वर शर्ट घालूनच उभे राहायचे, हेही घरोघरी शिकवले जाते. कामाप्रमाणे कपडा हा नियम तुमच्या घरात आधीच मान्य आहे. गाडीच्या चाकात पदर अडकून होणारे अपघात सासूबाईंनीही ऐकले असतील, म्हणून त्यांच्याशी सुनांच्या रीतीवर वाद घालण्यापेक्षा चाकाची गोष्ट बोला. तालुक्याच्या कामाला ड्रेस, घरात आणि सणावाराला साडी, अशी वाटणी बहुधा न बोलताच मान्य होईल. ओढणी मात्र गाडीवर बसताना दोन्ही टोके मागे बांधूनच घ्या, कारण चाक पदर आणि ओढणी यांत भेद करत नाही.

राहिले वाचन. इथे मी तुमच्या यजमानांची बाजू अर्धी घेणार आहे. पहाटे उठून सडा-सारवण करणाऱ्या, 8.1 रक्त असलेल्या बाईने रात्री उशिरापर्यंत जागावे, हे मला पटत नाही. झोप मोडून वाचलेले अंगाला लागत नाही. परंतु त्यांनी दिवा बंद करायला सांगायचे आणि तुम्ही पुस्तकच बंद करायचे, असे होता कामा नये. वाचनाची वेळ दिवसात आणा. सासूबाईंना मोतीबिंदूमुळे पोथी दिसत नाही असे तुम्ही एका जागी ओझरते लिहिले आहे. 'गजानन विजय' ग्रंथाचे 21 अध्याय आहेत, दिवेलागणीनंतर रोज एक अध्याय त्यांना वाचून दाखवा. सुनेच्या हातातल्या पुस्तकाकडे पाहण्याची त्यांची नजर महिन्याभरात बदलेल, आणि अध्याय संपल्यावर त्याच जागी, त्याच दिव्याखाली तुम्ही अर्धा तास स्वतःचे पुस्तक वाचलेत तर उठा म्हणायला कोणाची जीभ उचलणार नाही. त्यात थोडा धूर्तपणा आहे, हे मान्य. त्यांच्या मोतीबिंदूचेही त्याच यवतमाळच्या फेरीत दाखवून घ्या, पोथी वाचून दाखवायला कोणी मिळाले म्हणून त्यांचे डोळे तसेच राहू देऊ नयेत.

'धग' विषयी मात्र माझे तुमच्याशी मतभेद आहेत. 1960 साली आलेल्या या कादंबरीत शेळक्यांनी वऱ्हाडी बोलीला जो मान दिला, त्यामुळे तुमच्यासारख्या वाचकाला ती आपल्या अंगणातली वाटते आणि कौतिक आपल्या शेजारची वाटते, हे अगदी स्वाभाविक आहे. पण कौतिकने सोसले म्हणून आपणही सोसावे, असे ती कादंबरी सांगते असे मला वाटत नाही. शेळके कौतिकच्या कष्टांना हार-फुले वाहत नाहीत. घर एकटीच्या खांद्यावर ओढताना तिचे काय काय झिजत जाते, ते पानोपानी दाखवतात, आणि दाखवून थांबतात. पुस्तक मिटल्यावर मला तिचा आदर वाटला, पण तिच्या जागी कोणालाही पाठवावेसे वाटले नाही. तुम्ही पुन्हा वाचाल तेव्हा कौतिकसाठी कोणी काय करायला हवे होते, या प्रश्नाने वाचून पाहा. ती काय सहन करते यापेक्षा तिला कोणकोणत्या जागी एक माणूस, एक सल्ला, एक आधार पुरला असता, ते मोजा.

यानंतर काय वाचू असे तुम्ही विचारले नाही, तरी सुचवते. लक्ष्मीबाई टिळक यांची 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. लग्न होऊन सासरी आल्यावर अक्षरओळख झालेल्या या बाईने मराठीतील उत्तम आत्मचरित्रांपैकी एक लिहिले, आणि तेही स्वतःच्या हालांवर हसत हसत. नवऱ्याच्या विक्षिप्तपणाबद्दल इतके प्रेमाने आणि इतके निर्भीडपणे लिहिता येते, हे पाहून तुम्हाला मजा वाटेल. सासूबाईंना त्यातली काही पाने वाचून दाखवण्यासारखी आहेत, त्याही हसतील. तुमच्या गावच्या वाचनालयात प्रत नसेल, तर ग्रंथपालांच्या मागणी वहीत तुमच्या नावाने नोंद करा. शासनमान्य वाचनालयाला मिळालेल्या अनुदानातील काही भाग पुस्तक खरेदीवर खर्च करावाच लागतो आणि वाचकांनी लेखी मागितलेले पुस्तक आणायला त्यांनाही आधार मिळतो. नोंद करताना शेजारणीलाही सोबत न्या, म्हणजे मागणी दोघींची होईल.